पाकीट मारलं, ओळखपत्रं गेली: पहिल्या तासापासून नवीन कार्ड हातात येईपर्यंत

जून-जुलै उजाडला की आमच्या महा ई-सेवा केंद्राच्या दारात आठवड्यातून दोन-तीनदा तरी हेच घडतं. पाठीला सॅक लावलेला, चेहरा उतरलेला एखादा मुलगा येतो. नांदेड, परभणी, बीडकडून नुकताच पुण्यात शिकायला किंवा कामाला आलेला. म्हणतो, "ताई, बसमध्ये पाकीट मारलं. आधार, पॅन, लायसन, सगळं त्यातच होतं. नवीन आधार काढून द्या ना."

मी त्याला बसवते, पाणी देते आणि विचारते, "बँकेत फोन केलास का?" केलेला नसतो. "पोलिसांत गेलास?" गेलेला नसतो. कार्ड गेलं म्हणजे कार्ड मिळवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. खरं तर कार्ड परत मिळणं हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. आपल्या नावाचे कागद परक्या हातात गेले ते अमुक तारखेला, आणि ते चोरीला गेले, हे पहिल्याच दिवशी खऱ्या शब्दांत लिहून घेणं जास्त महत्त्वाचं असतं. हे मी अनुभवातून सांगते आहे, तो अनुभव पुढे येईलच.

शहरात नवीन असलेल्यांसाठी हा लेख लिहिते आहे. ज्या क्रमाने लिहिलं आहे, त्याच क्रमाने कामं करा.

पहिला तास: पैसे आणि सिमकार्ड

पाकिटात डेबिट किंवा क्रेडिट कार्ड असेल तर जागच्या जागी उभं राहून बँकेला फोन करा आणि कार्ड बंद करा. बँकेचं अॅप असेल तर त्यातही कार्ड बंद करायची सोय असते. "पिन कुणाला माहीत नाही, मग काय होणार?" असं मुलं म्हणतात. पण मशीनला नुसतं टेकवून पैसे देता येणारी जी कार्डं आहेत, त्यांवर ५,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिन विचारत नाहीत. चोराला एक दुकान पुरतं.

मोबाइलही गेला असेल तर आधी तो नंबर बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून आपल्या मोबाइल कंपनीला कळवा. मग कंपनीच्या अधिकृत दुकानात जाऊन त्याच नंबरचं दुसरं सिम घ्या. ओळख पटवायला तिथे आधार क्रमांक सांगून अंगठा किंवा चेहरा तपासला जातो, त्यामुळे कार्ड नसलं तरी काम होतं, पण क्रमांक माहीत हवा. नवीन सिम सुरू झालं की पुढचे २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. तुमच्या नावाने भलत्यानेच सिम बदलून घेतलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत, म्हणून हा नियम आहे. मुलं त्या २४ तासांत आधारच्या संकेतस्थळावर दहा-दहा वेळा ओटीपी मागवत बसतात आणि वैतागतात. तेवढा वेळ पोलिसांच्या कामाला द्या.

फोनमध्ये यूपीआय असेल तर बँकेला फोन करतानाच तेही बंद करायला सांगा. आणि खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पोलिसांत: "गहाळ" की "चोरी"

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पोलिसांकडे कळवण्याचे दोन वेगळे रस्ते आहेत. वस्तू हरवली असेल, म्हणजे कुठेतरी पडली, विसरली, तर "गहाळ" अशी नोंद होते. पुणे आणि मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर ही नोंद घरबसल्या करता येते आणि लगेच क्रमांक असलेला कागद मिळतो. या नोंदीवर तपास होत नाही, गुन्हा दाखल होत नाही. ती फक्त "मी कळवलं आहे" याची पोच असते.

वस्तू चोरीला गेली असेल तर तो गुन्हा आहे आणि त्याची फिर्याद द्यायची असते.

ऑनलाइन कागद पाच मिनिटांत मिळतो म्हणून चोरी झालेली असतानाही लोक "गहाळ" टाकून मोकळे होतात. मीही तेच केलं होतं. काही वर्षांपूर्वी बसच्या गर्दीत माझ्या पर्सला ब्लेड मारलेलं होतं. कापडावर बोटभर लांबीची सरळ चीर, आतला कप्पा रिकामा. मी चौकीवर गेले तर समोरच्यांनी सांगितलं, "मॅडम, गहाळ टाका, लवकर कागद मिळेल." मला कामावर पोहोचायचं होतं, मी मान डोलावली. कागदावर लिहिलं गेलं, "प्रवासात कुठेतरी गहाळ". आठ महिन्यांनी एका कर्ज देणाऱ्या कंपनीच्या वसुलीवाल्याचा फोन आला. माझ्या पॅनवर १८,००० रुपयांचं कर्ज उचललेलं, हप्ता एकही भरलेला नाही. मी तो कागद पाठवला तर उत्तर आलं, "यात तर चोरीचा उल्लेखच नाही, कार्ड तुमच्याकडूनच कुठेतरी राहिलं असेल." ते कर्ज माझ्या नावावरून निघायला चार महिने गेले. ती फाटलेली पर्स मी अजून ठेवली आहे.

म्हणून जे घडलं तेच लिहा. पर्स-बॅग कापलेली आहे, चेन उघडी सापडली, कुणी धक्का दिला आणि लगेच खिसा हलका लागला, कुणी हिसकावून पळालं, तर ती चोरी आहे आणि तसंच सांगायचं. खरोखर आठवत नसेल, पाकीट रिक्षात राहिलं की खोलीवर तेही सांगता येत नसेल, तर "गहाळ"च योग्य. नसलेली चोरी रचून सांगू नका. पोलिसांना खोटी माहिती देणं हाही गुन्हा आहे.

कुठल्या ठाण्यात जायचं

घटना जिथे घडली त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात. पण नवीन माणसाला हद्द कशी कळणार? कात्रजला बसलो, स्वारगेटला उतरलो, पाकीट मध्ये कुठे गेलं ते देवाला ठाऊक. अशा वेळी जवळच्या ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय सुरू करू शकतात असा गुन्हा, कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची खबर घ्यावी लागते. त्याला "झिरो एफआयआर" म्हणतात. तिथे नोंद होऊन ती योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. याच कलमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही खबर देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन त्यावर सही करावी लागते.

चोरी रेल्वेत किंवा स्टेशनच्या आवारात झाली असेल तर शहर पोलिसांकडे न जाता लोहमार्ग, म्हणजे रेल्वे पोलिसांकडे जा. मुंबईत लोकलने ये-जा करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. प्लॅटफॉर्मवर रेल्वे सुरक्षा दलाचे जवानही दिसतात, ते मदत करतात, वाट दाखवतात, पण चोरीचा गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात. गाडीत असतानाच कळलं तर १३९ वर फोन करा. लोहमार्ग पोलिसांचा १५१२ हा क्रमांकही आहे.

ठाण्यात गेल्यावर समोर ठाणे अंमलदार बसलेले असतात. त्यांच्याशीच बोलायचं. "साहेब, माझं पाकीट चोरीला गेलं आहे, फिर्याद द्यायची आहे," एवढं पहिलं वाक्य पुरे. रडकुंडीला येऊन सगळी कहाणी सांगण्यापेक्षा अर्ज लिहून नेलात तर काम पटकन होतं. मी मुलांना साधारण असा मजकूर लिहून देते:

"मी, (पूर्ण नाव), वय …, व्यवसाय शिक्षण, सध्या राहणार …, मूळ राहणार …, मोबाइल क्रमांक …, समक्ष हजर राहून फिर्याद देतो की, दिनांक … रोजी सकाळी ९.१० च्या सुमारास मी … थांब्यावरून … क्रमांकाच्या बसमध्ये चढलो. बसमध्ये खूप गर्दी होती. ९.४० च्या सुमारास … थांब्यावर उतरल्यावर पँटच्या मागच्या खिशातील पाकीट नसल्याचे लक्षात आले. पाकीट तपकिरी रंगाचे असून त्यात पुढील वस्तू होत्या: १) आधार कार्ड, शेवटचे चार अंक …, २) पॅन कार्ड, क्रमांक …, ३) वाहन चालविण्याचा परवाना, क्रमांक …, ४) मतदार ओळखपत्र, क्रमांक …, ५) … बँकेचे डेबिट कार्ड, शेवटचे चार अंक …, ६) रोख रुपये …. गर्दीचा फायदा घेऊन कुणीतरी अज्ञात इसमाने माझे पाकीट माझ्या संमतीशिवाय लबाडीच्या इराद्याने चोरून नेले आहे. सदर कागदपत्रांचा गैरवापर होण्याची शक्यता आहे. तरी माझी अज्ञात इसमाविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे."

यातली दोन वाक्यं गाळू नका. एक "चोरून नेले आहे" आणि दुसरं "गैरवापर होण्याची शक्यता आहे". उद्या कुणी तुमच्या पॅनवर कर्ज काढलं, तुमच्या आधारच्या झेरॉक्सवर खोली भाड्याने घेतली, तर ही दुसरी ओळ तुमच्या बाजूने बोलते. आणि प्रत्येक कार्डाचा क्रमांक लिहा. "काही कागदपत्रे" असं मोघम लिहिलेल्या तक्रारीवर नंतर कुठलंच कार्यालय समाधानी होत नाही. क्रमांक माहीत नसतील तर पुढचा भाग वाचून आधी ते गोळा करा, पण त्यासाठी दिवस घालवू नका. राहिलेले क्रमांक पुरवणी जबाबात देता येतात.

आता एक बारकावा. भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ खाली येते. चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर ती अदखलपात्र धरली जाते आणि तुम्हाला एफआयआरऐवजी "एन.सी." म्हणजे अदखलपात्र नोंदीचा कागद मिळू शकतो. बस, रेल्वे अशा प्रवासी वाहनातून झालेल्या चोरीसाठी मात्र कलम ३०५ वेगळं आहे आणि ते जास्त गंभीर आहे. म्हणून पाकीट वाहनात गेलं असेल तर तसं नेमकं सांगा. किंमत फुगवायची नाही, पण रोख रक्कम, पाकीट, मोबाइल, सगळं खरं खरं धरायचं. एन.सी. मिळाली तरी निराश होऊ नका. त्यावर चोरीची नोंद, तारीख आणि कागदपत्रांची यादी असते आणि कागदपत्रांच्या कामाला ती चालते.

एफआयआर झाली तर तिची एक प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यावी लागते, असं त्याच कलम १७३ मध्ये आहे. ठाण्यातून निघण्याआधी ती वाचा. नाव, तारीख, क्रमांक बरोबर आहेत ना, आणि "गहाळ" हा शब्द कुठे घुसलेला नाही ना, ते बघा. नोंद घ्यायलाच नकार मिळाला तर वाद घालू नका. तोच अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर शिक्का, तारखेसह पोच मागा. तीही नाही मिळाली तर जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांना आणि शहरात पोलीस उपायुक्तांना तोच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवा. कायद्यात ही वाट दिलेली आहे. पोस्टाची पावती जपून ठेवा, तीही तारखेचा पुरावा असते.

क्रमांक कुठून आणायचे

शांतपणे बसून आठवलंत तर सगळे क्रमांक कुठे ना कुठे सापडतात. आधार क्रमांक कॉलेजच्या प्रवेश अर्जावर, शिष्यवृत्तीच्या अर्जावर, घरी आईने जपून ठेवलेल्या झेरॉक्सवर असतो. काहीच नसेल तर मायआधार संकेतस्थळावर हरवलेला क्रमांक शोधायची सोय आहे; नाव आणि जोडलेला मोबाइल लागतो. १९४७ हा आधारचा मदत क्रमांक आहे, मराठीतही बोलतात. स्वातंत्र्याचं साल म्हणून तो विसरला जात नाही.

पॅन क्रमांक पगारपत्रकावर, फॉर्म १६ वर किंवा बँकेच्या अॅपमध्ये मिळतो. मतदार ओळखपत्राचा क्रमांक निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मतदारयादीत नाव शोधून मिळतो. लायसन्सचा क्रमांक मिळवायला मात्र कष्ट पडतात, जुना फोटो किंवा झेरॉक्स शोधावी लागते. डिजिलॉकरमध्ये आधीच कागद जोडलेले असतील तर हे सगळं एका जागी सापडतं, आणि डिजिलॉकरमधली लायसन्सची प्रत वाहतूक पोलिसांना दाखवायलाही चालते. गॅलरीतला फोटो चालत नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अॅपमध्येच उघडून दाखवायचं.

आधार

मुलं म्हणतात "नवीन आधार काढून द्या". नवीन आधार निघत नाही. तुमचा बारा अंकी क्रमांक जन्मभर तोच राहतो. गेला तो छापील कागद. त्यामुळे नव्याने नोंदणी करायला जाऊ नका. ती नाकारली जाते आणि आठवडे वाया जातात.

पहिलं काम म्हणजे बायोमेट्रिक लॉक. मायआधार संकेतस्थळावर किंवा आधारच्या अॅपमध्ये ते विनामूल्य होतं. लॉक केलं की तुमच्या ठशांनी किंवा बुबुळांनी कुठेही ओळख पटवता येत नाही. आधार क्रमांक आणि अंगठा वापरून गावातल्या बँक मित्राकडे पैसे काढता येतात, त्याच वाटेने नकली ठसे वापरून फसवणुकीही झाल्या आहेत. स्वतःला लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. नवं सिम घ्यायचं असेल तर ते आधी घ्या आणि मग लॉक लावा, नाहीतर दुकानात अंगठा जुळणार नाही. त्याच ठिकाणी मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं याचा इतिहास बघता येतो. चोरीनंतरच्या तारखांच्या नोंदी एक एक करून तपासा.

मग ई-आधार उतरवून घ्या. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल. ई-आधार, टपालाने आलेलं पत्र आणि प्लॅस्टिकचं पीव्हीसी कार्ड, तिन्ही सारखीच ग्राह्य आहेत. खिशात ठेवायला टिकाऊ कार्ड हवं असेल तर पीव्हीसी कार्ड मागवा. २०२० मध्ये ही सोय आली तेव्हा शुल्क ५० रुपये होतं. आता पडद्यावर जो आकडा दिसेल तो भरा, त्याहून जास्त कुणाला देऊ नका. दुकानात छापून मिळणारी चकचकीत "स्मार्ट आधार" कार्डं घेऊ नका. यासाठी एफआयआरची प्रत आधारवाले मागत नाहीत.

बाहेरगावच्या मुलांची इथे हमखास एक अडचण होते. कार्ड स्पीड पोस्टाने आधारवर नोंदलेल्या पत्त्यावर जातं, म्हणजे गावी. पुण्याच्या वसतिगृहाचा पत्ता तिथे टाकता येत नाही. त्यामुळे घरी फोन करून सांगा, पोस्टमनला सांगून ठेवा, घर बंद असेल तर शेजाऱ्यांना कळवा. गेल्या वर्षी एका मुलीचं कार्ड दोनदा परत गेलं, कारण आई-वडील ऊसतोडीला गेलेले आणि घराला कुलूप. शेवटी तिने ई-आधारची रंगीत प्रत लॅमिनेट करून घेतली आणि त्यावरच तिचं वर्ष निघालं.

मोबाइल जोडलेला नसेल किंवा दहावीत असताना वडिलांचा नंबर दिला असेल, तर ओटीपी वडिलांना जाईल. फोनवर त्यांच्याकडून तो विचारून घ्या. तो नंबरच बंद पडला असेल तर आधार केंद्रात स्वतः जा; ठसे दिले की नवा नंबर जोडतात, त्याला कुठलाही कागद लागत नाही.

पॅन

इथेही क्रमांक तोच राहतो, मागायचं ते फक्त पुनर्मुद्रण. अर्जाचं नाव बघून नवीन पॅनचा अर्ज भरू नका. एका माणसाकडे दोन पॅन असणं बेकायदा आहे आणि त्यासाठी १०,००० रुपये दंड होऊ शकतो. ही चूक मी दर दोन-तीन महिन्यांनी निस्तरते.

पॅनची कार्डं दोन संस्था छापतात: प्रोटीन, म्हणजे पूर्वीची एनएसडीएल, आणि यूटीआयआयटीएसएल. तुमचं कार्ड ज्यांच्याकडून आलं त्यांच्याकडेच पुनर्मुद्रण मागायचं. कार्डाच्या मागे "हे कार्ड सापडल्यास येथे परत करा" असा मजकूर आणि पत्ता असतो. जुन्या एनएसडीएलच्या कार्डांवर तो पुण्याच्या मॉडेल कॉलनीचा असे, यूटीआयच्या कार्डांवर नवी मुंबईतल्या बेलापूरचा. जुनी झेरॉक्स दोन्ही बाजूंची असेल तर त्यावरून ओळखता येतं. माहितीत काही बदल नसेल तर भारतातल्या पत्त्यावर कार्ड मागवायला ५० रुपये लागतात. पॅन, आधार, जन्मतारीख आणि ओटीपी, एवढ्यावर काम होतं. तेही नोंदलेल्या पत्त्यावरच जातं. तोवर ई-पॅन, म्हणजे पॅनची पीडीएफ प्रत, चालतं.

लायसन्स आणि मतदार ओळखपत्र

दुय्यम, म्हणजे डुप्लिकेट, लायसन्ससाठी परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर महाराष्ट्र निवडून "ड्रायव्हिंग लायसन्स सेवा" मध्ये जा. लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की तुमची माहिती दिसते, तिथे दुय्यम प्रत निवडायची. पोलिसांकडून आणलेला कागद इथे लागतो, म्हणून तो स्वच्छ स्कॅन करून ठेवा. आधारने ओळख पटवलीत तर बहुतेक वेळा आरटीओच्या चकरा वाचतात. आरटीओच्या फाटकावर उभे असणारे एजंट या कामाचे वाट्टेल तेवढे पैसे मागतात. शुल्क संकेतस्थळावर लिहिलेलं असतं आणि पावती तुमच्या नावाची मिळते.

मतदार ओळखपत्रासाठी नमुना ८ भरायचा. हाच नमुना पत्ता बदलायलाही वापरतात, त्यामुळे आत "ओळखपत्र बदलून मिळणे" हा पर्याय निवडून "हरवले/चोरीस गेले" वर खूण करा, चुकून स्थलांतर निवडलं तर तुमचं नाव दुसऱ्या मतदारसंघात हलवण्याची प्रक्रिया सुरू होईल. २०२१ पासून ई-एपिक, म्हणजे पीडीएफ ओळखपत्र, मोबाइलवर उतरवता येतं. मदतीसाठी १९५०. आणि निवडणूक तोंडावर असेल तर घाबरू नका. यादीत नाव असेल तर आधार, पॅन, पासपोर्ट यांसारखं आयोगाने मान्य केलेलं दुसरं ओळखपत्र दाखवून मतदान करता येतं.

कॉलेजचं किंवा कंपनीचं ओळखपत्र गेलं असेल तर त्याच दिवशी कार्यालयात सांगा. विशेषतः दार उघडणारं कार्ड असेल तर ते आधी बंद करून घ्या.

खर्च वाढवणारे सल्ले

वर्तमानपत्रात "जाहीर नोटीस" द्या, असा सल्ला हमखास मिळतो. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र यांच्यासाठी ती लागत नाही. प्रतिज्ञापत्र कुणी मागितलं तर आधी "कुठल्या नियमाने?" असं नम्रपणे विचारा.

आणखी एक कळकळीने सांगते. "माझे आधार कार्ड हरवले आहे, सापडल्यास संपर्क करा" म्हणून आपल्याच कार्डाचा फोटो गावाच्या, कॉलेजच्या व्हॉट्सअॅप गटांत टाकू नका. एका चोराच्या हाती असलेली माहिती तुम्ही हजार जणांना देता. नाव आणि संपर्क क्रमांक एवढंच लिहा. त्यावरही "तुमचं पाकीट माझ्याकडे आहे, कुरिअरसाठी एक ओटीपी येईल तो सांगा" असे फोन येतात. कुठलाही ओटीपी सांगायचा नाही. सापडलं असेल तर जवळच्या पोलीस चौकीत द्या, मी तिथून घेईन, असं म्हणायचं.

पुढचे सहा महिने

नवीन कार्डं आली की लोक विसरून जातात. माझं कर्जाचं प्रकरण आठव्या महिन्यात उघडं पडलं, म्हणून हा भाग सोडू नका.

देशात कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही एकदम मागवू नका. चोरीनंतर महिन्याने एक, मग दीड-दोन महिन्यांच्या अंतराने बाकीचे, असे मागवले तर सहा-सात महिने लक्ष राहतं. त्यात तुम्ही न घेतलेलं कर्ज किंवा तुम्ही न केलेली कर्जाची चौकशी दिसली तर तिथेच हरकत नोंदवा आणि पोलिसांचा कागद जोडा. तक्रार ३० दिवसांत मिटवली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम २०२४ पासून आहे. माझ्या वेळी तो नव्हता. त्याच बरोबर कर्ज देणाऱ्या कंपनीलाही लेखी कळवा, फोनवर भांडू नका.

संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर "हा माझा नंबर नाही" निवडून कळवायचं. चोरीला गेलेला फोनही तिथूनच बंद करता येतो. त्याला पोलीस तक्रारीची प्रत आणि फोनचा आयएमईआय क्रमांक लागतो, जो खरेदीच्या बिलावर किंवा खोक्यावर असतो. खोकं गावी पडलेलं असतं, भावाला फोटो पाठवायला सांगा.

यापुढे कुठेही आधारची प्रत द्यावी लागली तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत उतरवून द्या. झेरॉक्सच्या मध्यावर आडवं लिहा, "फक्त खोली भाडेकरारासाठी, दिनांक …" आणि त्यावरून सही करा. खिशात एकच ओळखपत्र ठेवा, बाकीची कपाटात.

जुनं पाकीट सापडलं तर

सापडतात. खिसेकापू रोकड काढून घेतात आणि बाकीचं पाकीट कचऱ्यात, गटाराकाठी, कधी कधी टपालपेटीत टाकतात. पेटीत सापडलेली ओळखपत्रं पोस्टवाले वरच्या पत्त्यावर पोहोचवायचा प्रयत्न करतात, म्हणून आठवड्याभराने घटना घडली त्या भागातल्या टपाल कार्यालयात आणि बस असेल तर आगारात एकदा विचारून या. आमच्याकडे आलेल्या एका मुलाचं लायसन्स तीन आठवड्यांनी त्याच्या गावच्या घरी पाकिटातून आलं, वर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं.

दुय्यम लायसन्स निघाल्यावर मूळ लायसन्स सापडलं तर ते आरटीओत जमा करायचं असतं. आधार आणि पॅनचे क्रमांक तेच असल्यामुळे जुनी कार्डं घरी ठेवली तरी चालतं. ज्या ठाण्यात फिर्याद दिली तिथे लेखी कळवा. आणि पोलिसांनी चोर पकडून पाकीट जप्त केलं असेल तर ते मुद्देमाल म्हणून जमा होतं. ते परत मिळवायला न्यायालयात अर्ज करून आदेश घ्यावा लागतो. त्या दिवशी गुन्ह्याचा क्रमांक, एफआयआरची प्रत आणि नवीन ओळखपत्र, तिन्ही बरोबर घेऊन जा.